रोजची गाडी ट्रॅकवर न्यायची, तर खर्च किती?

लोणी काळभोरहून रोज हडपसर-मगरपट्ट्याला जाणारी तुमची गाडी एका दिवसासाठी रेसिंग ट्रॅकवर नेता येते. याला 'ट्रॅक डे' म्हणतात. त्यासाठी दुसरी गाडी घ्यावी लागत नाही आणि इंजिनही उघडावे लागत नाही. साध्या पेट्रोल हॅचबॅकची तयारी, हेल्मेटसारखे साहित्य आणि त्या दिवसाचे पेट्रोल मिळून बारा-तेरा हजारांपासून वीस-एकवीस हजारांपर्यंत खर्च येतो. आयोजकाची फी वेगळी. यातला मोठा वाटा ब्रेक, टायर आणि ऑइलवर जायला हवा. त्याआधी कोणी सायलेन्सर बदला, रिमॅप करा असे सुचवत असेल तर तिथे पैसे देऊ नका.

पुढचे आकडे स्विफ्ट, आय-ट्वेंटी, पोलो या वर्गातल्या गाड्यांचे आणि कंपनीबाहेरच्या चांगल्या गॅरेजचे अंदाज आहेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मजुरी बरीच जास्त लागते.

कुठे जायचे

सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे तळेगाव दाभाडेजवळ, मावळातला नानोली स्पीडवे. थेऊर फाट्यावरून लोणीकंद, आळंदी, चाकण करत गेलात तर हडपसरची गर्दी टळते, पण चाकण-तळेगाव रस्त्यावर कंटेनर असतात. पहाटे पाचच्या आत निघा. जाऊन-येऊन सव्वाशे ते दीडशे किलोमीटर धरा. कोल्हापूरचा मोहिते रेसिंग ट्रॅक मुख्यतः कार्टिंगसाठी आहे. तुम्ही कधीच ट्रॅकवर गेला नसाल तर आधी एक दिवस कार्टिंग करा. वळणावर कुठे ब्रेक सोडायचा हे तिथे स्वस्तात शिकता येते आणि झीज तुमच्या गाडीची होत नाही.

दूरचे पर्याय तीन: कोइमतूरचा 2.1 किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा 3.7 किलोमीटरचा ट्रॅक आणि ग्रेटर नोएडाचा 5.1 किलोमीटरचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. कोइमतूर किंवा चेन्नईला एका बाजूने सुमारे 1,200 किलोमीटर होतात. लिटरला 15 किलोमीटर धरले तरी जाऊन-येऊन 160 लिटर पेट्रोल, म्हणजे सोळा हजारांच्या वर. त्यात टोल, दोन मुक्काम आणि तेवढ्या प्रवासात झिजलेले टायर मिळवा. राष्ट्रीय महामार्गांसाठी खासगी गाड्यांचा फास्टॅग वार्षिक पास ऑगस्ट 2025 मध्ये 3,000 रुपयांना सुरू झाला. वर्षभर किंवा 200 फेऱ्या, यांतले जे आधी संपेल तोवर तो चालतो. दूरच्या ट्रॅकवर जाणार असाल तर घ्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तो चालत नाही. पहिल्याच वेळी मात्र इतक्या लांब जाऊ नका. ट्रॅकवर गाडी बिघडली तर ती 1,200 किलोमीटर परत आणण्याचे भाडे बाकी सगळ्या खर्चापेक्षा जास्त होईल.

सराव सोलापूर रस्त्यावर, दिवेघाटात किंवा रात्री रिकाम्या दिसणाऱ्या बायपासवर करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय सोलापूर रस्त्यावर रात्री ऊस वाहणारे ट्रॅक्टर मागे दिवा नसताना चालतात. एवढे एकच कारणही पुरेसे आहे.

विमा: खरा खर्च इथे आहे

गाडीच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा एक भाग असतो. आयोजित शर्यत, पेस-मेकिंग, वेगाची चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल यांसाठी गाडी वापरल्यास विमा लागू नाही, असे त्यात लिहिलेले असते. ट्रॅक डेमध्ये शर्यत नसते, नंबर काढत नाहीत, हे खरे. पण त्या बळावर दावा मंजूर होईल असे गृहीत धरू नका. झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट ही त्याच पॉलिसीची जोडपत्रे आहेत. मूळ पॉलिसी लागू नसेल तर तीही लागू नाहीत.

म्हणून घरातून निघण्याआधी एक आकडा कागदावर लिहा: बंपर, हेडलाइट, फेंडर, रेडिएटर आणि एक सस्पेन्शन आर्म तुमच्या गाडीला किती रुपयांना पडतील? सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर भाव सांगतात. छोट्या गाडीलाही ही रक्कम सहज लाखाच्या घरात जाते. तेवढे पैसे खिशातून भरणे शक्य नसेल किंवा गाडीवर मोठे कर्ज असेल, तर या वर्षी ट्रॅकवर जाऊ नका. हे मी पूर्ण गांभीर्याने सांगतो आहे. ट्रॅकवर ठोकलेली गाडी रस्त्यावर ठोकली असे दाखवून दावा करा, असा सल्लाही तुम्हाला मिळेल. ती फसवणूक आहे. सर्व्हेअरला खुणांवरून कळते आणि ट्रॅकवर तुमचे फोटो निघालेले असतात.

आरोग्य विम्याचेही बघा. पॉलिसीत साहसी खेळांचे एक प्रमाणित अपवाद-कलम असते, त्याचा संकेतांक एक्सक्ल 09. त्यात मोटार रेसिंगचे नाव आहे. पण अपवाद 'व्यावसायिक म्हणून' भाग घेणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही हौशी आहात. तरी विमा कंपनीला ईमेल करून 'हौशी ट्रॅक डेमधली दुखापत धरली जाईल का' असे विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. फोनवरच्या 'हो सर, कव्हर आहे' या उत्तराला किंमत नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटी पुस्तिकेतला स्पर्धा आणि रेसिंगविषयीचा अपवाद वाचून घ्या.

कागदपत्रे

मूळ लायसन्स, आरसी, चालू विमा आणि पीयूसी. पेट्रोल गाडीच्या पीयूसीला सव्वाशेच्या आसपास लागतात. गाडी वडिलांच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर मालकाचे सहीनिशी संमतीपत्र घ्या. राजबागेतल्या कॉलेजात शिकणाऱ्या आणि घरची गाडी आणलेल्या मुलांना हे खास सांगणे: आईवडिलांना न सांगता गाडी नेऊ नका. नुकसानभरपाई त्यांना द्यावी लागेल.

आयोजक जबाबदारीमुक्तीच्या फॉर्मवर सही घेतात. तो आदल्या दिवशी ईमेलवर मागून घ्या. सकाळी सहा वाजता रांगेत उभे राहून चार पाने कोणी वाचत नाही. फॉर्ममध्ये तीन गोष्टी शोधा: ट्रॅकच्या मालमत्तेचे नुकसान (कठडा, टायरची भिंत) कोण भरणार, ऑइल सांडले तर सफाईचा खर्च कोणाचा, आणि दुसऱ्या गाडीला धक्का लागला तर काय. स्टॅम्प पेपर मागितला तर 500 रुपयांचा आणा. ऑक्टोबर 2024 पासून राज्यात 100-200 च्या जागी बहुतेक कामांना किमान 500 लागतात. रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवा.

ब्रेक: इथे पैसे वाचवू नका

ट्रॅक डेच्या तीन आठवडे आधी गाडी गॅरेजला न्या. आदल्या दिवशी नेली आणि पार्ट मिळाला नाही तर फी वाया जाते. फी बहुधा परत मिळत नाही.

पहिले काम ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. नव्या डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू मानकाप्रमाणे किमान 230 अंश असतो, ओल शोषलेल्याचा 155 पर्यंत उतरलेला चालतो. ट्रॅकवर लागोपाठ जोरात ब्रेक दाबले की कॅलिपर तापतो, जुन्या ऑइलमध्ये बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जाते. हडपसरच्या गर्दीत हे तुम्हाला कधीच जाणवणार नाही. ट्रॅकवर तिसऱ्या फेरीत जाणवेल. म्हणून दोन वर्षे झाली असोत-नसोत, ऑइल बदला. चांगले डॉट 4 किंवा डॉट 5.1 एक लिटर: 600 ते 1,000 रुपये. चारही चाकांवर ब्लीड करण्याची मजुरी: 500 ते 800. डॉट 5 घेऊ नका. नाव सारखे वाटते, पण ते सिलिकॉनचे असते आणि तुमच्या गाडीत चालत नाही. रेसिंगचे 300 अंशांवरचे ऑइल महाग येते. पहिल्या दिवसाला त्याची गरज नाही.

इथला शॉर्टकट ओळखा. काही ठिकाणी सिरिंजने वरच्या डब्यातले ऑइल काढतात, नवे ओततात आणि 'झाले' म्हणतात. कॅलिपरमधले जुने ऑइल तसेच राहते. समोर उभे राहा. चारही चाकांच्या ब्लीड निपलमधून जुने, काळपट ऑइल निघून नवे स्वच्छ येईपर्यंत काम चालले पाहिजे. बाटली सीलबंद हवी आणि तुमच्यासमोर फोडलेली हवी.

पुढचे पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक असतील तर चालतील, नाहीतर बदला: 1,500 ते 3,500, मजुरी 400 ते 600. जुने पॅड हातात मागून घ्या. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मेकॅनिककडून मोजून घ्या. नवे पॅड बसवल्यावर निदान दोनशे किलोमीटर शांतपणे चालवा. न बसलेले पॅड ट्रॅकवर चकाकतात आणि पकड सोडतात. सुटे भाग नाना पेठेत स्वस्त मिळतात, पण ब्रेकचा माल बिलाशिवाय घेऊ नका. बनावट पॅड डब्यावरून ओळखता येत नाहीत.

टायर

बाजूच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते. 2322 म्हणजे 2022 मधला तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना, भेगा पडलेला, फुगा आलेला किंवा रिसोल केलेला टायर ट्रॅकवर नेऊ नका. खड्ड्यांमुळे आलेला बारीक फुगा आतल्या बाजूलाही असतो, म्हणून गाडी लिफ्टवर असतानाच चारही टायर आतून बघा. नक्षीतल्या खुणेपर्यंत, म्हणजे 1.6 मिलिमीटरपर्यंत झिजलेला टायर बदलायलाच हवा. मात्र फक्त या दिवसासाठी चार नवे टायर घेऊ नका. नव्या टायरची उंच नक्षी ट्रॅकवर लवकर तापते आणि फाटते. अर्धे झिजलेले, एकसारखे, एकाच कंपनीचे चार टायर उत्तम.

अलायनमेंट आणि बॅलन्सिंग: 900 ते 1,500. दुकानात नायट्रोजन, 'कॅम्बर बोल्ट', वजनाचे वेगळे पैसे असे एकेक वाढत जाते. आधीच एकूण रक्कम ठरवा. नायट्रोजनची गरज नाही. घ्यायचेच असेल तर 400 ते 800 रुपयांचे डिजिटल हवा-मीटर घ्या. त्या दिवशी त्याच्याइतकी उपयोगाची वस्तू दुसरी नाही.

चाकाचे नट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला आवळून घ्या. हवेच्या गनने 'टाइट केले' हे पुरत नाही.

ऑइल, कूलंट आणि खालची पाहणी

मागच्या ऑइल चेंजला पाच हजार किलोमीटर झाले असतील तर ऑइल आणि फिल्टर बदला: 2,500 ते 4,500. ग्रेड मॅन्युअलमधलाच. 'ट्रॅकसाठी जाड ऑइल टाकू' हा सल्ला नव्या पातळ ऑइलच्या इंजिनांना मारक आहे. पातळी वरच्या खुणेवर, त्याहून वर नाही. कूलंट कमी झालेला असेल तर का झाला ते शोधा. बोअरचे पाणी ओतून झाकण लावू नका. रेडिएटरच्या जाळीत सोलापूर रस्त्याची धूळ, किडे आणि उसाचा पाचोळा अडकलेला असतो. साध्या पाण्याने, कमी दाबाने धुवा. प्रेशर वॉशरने पाती वाकतात.

लिफ्टवर पाहणीचे 300 ते 500 द्या आणि ही यादी मेकॅनिकच्या हातात ठेवा: बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश, चाकाचे बेअरिंग, ड्राइव्ह शाफ्टचा रबर, शॉक-अॅब्सॉर्बरची गळती, इंजिन माउंटिंग, बॅटरीची पट्टी. बॅटरी हाताने हलत असेल तर ट्रॅकवरच्या तपासणीतच गाडी बाद होऊ शकते. गाडीला सीएनजी किट असेल तर पैसे भरण्याआधीच आयोजकाला विचारा. सिलिंडर लागलेली गाडी अनेक ठिकाणी घेत नाहीत.

इंजिन डिकार्बनायझिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग यांना नकार द्या. बिलात 'कन्झ्युमेबल्स' म्हणून दोन-चारशे लावले असतील तर काय वापरले ते विचारा. एस्टिमेट व्हॉट्सअॅपवर मागा. त्यात जीएसटी धरला आहे की नाही हे आधीच स्पष्ट करा. 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवर आणि टायरवर 28 ऐवजी 18 टक्के कर आहे. जुना दर लावलेले बिल आले तर परत करा.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर हा सगळ्यात महाग शॉर्टकट. वेग वाढत नाही आणि परत येताना थेट कारवाई होऊ शकते. आवाज-धुराच्या नियमभंगाला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्सवर तीन महिन्यांची बंदी, अशी कायद्यात तरतूद आहे. गाडीत बेकायदा फेरफार केल्याबद्दल प्रत्येक फेरफाराला पाच हजारांपर्यंत वेगळा दंड आहे.

साहित्य आणि पेट्रोल

आयएसआय शिक्क्याचे पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट: 1,500 ते 3,000. आयोजकाला याहून वेगळे प्रमाणपत्र लागते का, भाड्याने मिळते का, हे आधी विचारा. एक किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक: 700 ते 1,200, तो सीटखाली पट्ट्याने घट्ट बांधा, सुटा ठेवू नका. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, जीन्स, पातळ तळव्याचे बूट. सिंथेटिक कपडे टाळा, आग लागली तर ते त्वचेला चिकटतात. टो हुक डिकीतल्या टूलकिटमध्ये असतो. घरीच एकदा बसवून बघा. फोक्सवॅगन, स्कोडाचे आटे उलटे असतात.

ट्रॅकवर गाडी लिटरला पाच-सहा किलोमीटरच देते. दिवसभरात शंभर किलोमीटर झाले तर वीस लिटर, आणि जाण्या-येण्याला दहा. मिळून तीन हजारांच्या थोडे वर. टाकी निघतानाच भरा. निम्म्याच्या खाली गेली तर वेगाच्या वळणावर पंपाला पेट्रोल मिळत नाही आणि इंजिन अडखळते. प्लास्टिकच्या कॅनमधून पेट्रोल नेऊ नका. आपल्या भागात तेल कंपन्यांचे डेपो आहेत आणि टँकरमधून चोरलेल्या इंधनाची प्रकरणे पोलिसांनी इथे पकडलेली आहेत. पाच-दहा रुपये स्वस्त म्हणून असे पेट्रोल कोणी दिले तर घेऊ नका. चोरीचा माल घेणे हाही गुन्हा आहे. 95 किंवा 100 ऑक्टेनचे महाग पेट्रोल साध्या इंजिनाला काही देत नाही.

आयोजकाला विचारायचे

फीमध्ये जीएसटी आहे का? किती सत्रे, किती मिनिटांची? दुसऱ्या ड्रायव्हरचे किती? शेजारी माणूस बसू देतात का, त्याचे किती? टायमिंग यंत्राचे भाडे आणि अनामत? गाडी अडकली तर ओढून आणण्याचे पैसे लागतात का? पाऊस आला तर पैसे की पुढची तारीख? रुग्णवाहिका आणि डॉक्टर दिवसभर जागेवर आहेत ना? शेवटच्या प्रश्नाला 'जवळच हॉस्पिटल आहे' असे उत्तर आले तर पैसे भरू नका. पहिल्यांदा येणाऱ्यांचा गट वेगळा असेल तरच जा. सुपरकारच्या मागे-पुढे तुमची हॅचबॅक असणे कोणाच्याच हिताचे नाही. प्रशिक्षक मिळत असेल तर ते पैसे जरूर द्या. पॅड-टायरवरच्या कुठल्याही महाग खर्चापेक्षा त्याचा उपयोग मोठा आहे.

त्या दिवशी

गाडी घरीच रिकामी करा. पाण्याच्या बाटल्या, छत्री, चार्जर, मागच्या सीटवरच्या उश्या, ड्रायव्हरच्या पायाखालचा मॅट, सगळे बाहेर. डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती चिकटपट्टीच्या भरवशावर सोडू नका, देवघरात ठेवा. स्टेपनी काढायची की नाही हे आयोजकाला विचारा. घट्ट बसलेली असेल तर परतीसाठी असू द्या.

हवा थंड टायरमध्ये दाराच्या खांबावरच्या आकड्याइतकी भरून सुरू करा. पहिल्या सत्रानंतर लगेच मोजा. सहा-आठ पीएसआय वाढलेली दिसेल. चारही टायर एकसारखे होतील एवढी थोडी काढा, आकडे लिहून ठेवा. टायरच्या कडेवर खडूने रेघ ओढून बघा. रेघ भिंतीवरूनही पुसली गेली असेल तर हवा कमी आहे.

एका सत्रात चार-पाच फेऱ्या जोरात, मग एक पूर्ण फेरी ब्रेकला हात न लावता सावकाश. परत आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली लाकडी ठोकळा द्या. तापलेल्या ड्रमवर लायनर चिकटतात. पेडल मऊ लागले, जळका वास आला किंवा तापमानाचा काटा वर गेला, तर त्या दिवसापुरते थांबा. राहिलेल्या सत्रांचे पैसे गेले असे समजा. प्रत्येक सत्रानंतर पाणी प्या आणि नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा.

निघण्याआधी हवा पुन्हा भरा. थंड झाल्यावर ती सकाळी भरलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी दाखवेल, आणि तशी गाडी महामार्गावर नेणे धोक्याचे आहे. चाकण रस्त्यावर पहिले दहा किलोमीटर साठच्या पुढे जाऊ नका. दिवसभर ट्रॅकवर राहिल्यावर ऐंशीचा वेगही चाळीससारखा वाटतो. शक्य असेल तर परतीला गाडी दुसऱ्या कोणाला चालवू द्या.

दुसऱ्या दिवशी पॅडची जाडी, टायरच्या कडा, ऑइलची पातळी आणि ब्रेक ऑइलचा रंग बघा. पॅड तीन मिलिमीटरच्या खाली गेले असतील तर सोमवारी कामावर बसने जा आणि गाडी गॅरेजला लावा.